नाना बेपत्ता, तपास माझ्याकडे

४ जानेवारी १९९८, रविवार

रोजनिशी आजपासून. एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण स्टुडिओत ऑर्डरींची गर्दी होती. म्हणजे एक बारसं होतं. असो. संकल्प: रोज लिहायचं, फक्त फॅक्ट्स. तपास करणाऱ्या माणसाला निरीक्षणं टिपून ठेवायची सवय पाहिजे.

धंदा माझा पंचवटीत फोटो स्टुडिओचा, पण डोकं तपासाचं. मागे एकदा पोलिसांनी बेवारस प्रेताचा फोटो काढायला मला बोलावलं होतं. तेव्हापासून डिपार्टमेंटशी माझे संबंध आहेत. (पुन्हा बोलावलं नाही. फोटो हलला होता.)

संध्याकाळी शेजारच्या केरूच्या सलूनमध्ये नेहमीची बैठक. केरू, विमा एजंट ज्ञानेश आणि मी. आजची केस: सुरगाण्याकडे जीपमधून उतरलेला माणूस घरी पोचलाच नाही. पेपरात चार ओळी आल्यात. ज्ञानेश म्हणे दरीत पडला असेल. मी शांतपणे समजावलं, नव्वद टक्के केसमध्ये घरचाच माणूस असतो. प्रॉपर्टी कोणाच्या नावावर आहे ते बघा, केस सुटली. केरूचा वस्तरा थांबला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ऐकत होतं. मग चहा मागवला.

जेवताना हीच केस घरी सांगितली. नाना, म्हणजे माझे वडील, खाली मान घालून जेवत होते. माझी बायको भाग्यश्री म्हणाली, जेवताना तरी प्रेतं नकोत. मी म्हटलं, अगं प्रेत सापडलेलंच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.

११ जानेवारी

या महिन्यात जिल्ह्यात तीन म्हातारी माणसं बेपत्ता. तिघांच्याही घरी धड फोटो नव्हता. आपल्याकडे असं होता कामा नये.

नानांना स्टुडिओत नेलं. समोरून एक फोटो, बाजूने एक. मागच्या भिंतीवर खडूने उंचीच्या खुणा केल्या. पाच फूट चार इंच. डाव्या कानामागे तीळ. नानांनी विचारलं, "म्या काय केलंय रे?" म्हटलं, काही नाही, तुम्ही हरवल्यावर उपयोगी पडेल. ते म्हणाले, "मी कशाला हरवतो?" हरवणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटत असतं.

फोटो अप्रतिम आलेत. या वेळी हलले नाहीत.

१९ जानेवारी

नाना रोज सकाळी गोदाकाठी गंगेवरच्या भाजीबाजारात जातात. आयुष्यभर तिथे फुलं विकली, आता नुसतेच बसायला जातात. आज यायला उशीर. रीतसर चौकशी केली. कुठे होता, कोण भेटलं, कोणत्या रस्त्याने आलात. आधी म्हणाले सरळ आलो, नंतर म्हणाले केळी घ्यायला थांबलो. जबाबात विसंगती. ती दाखवून दिली. केळी तशीच टेबलावर ठेवून नाना पडून राहिले.

उद्यापासून निघताना ठिकाण आणि परतीची वेळ सांगून जायचं, असा नियम केला. भाग्यश्रीला सांगून त्यांच्या बंडीच्या आत नाव-पत्त्याची पट्टीही शिवून घेतली. भाग्यश्री म्हणाली, अहो, त्यांना जरा श्वास घेऊ द्या. तिला आकडेवारी माहीत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

नाना गेले.

सकाळी उठलो तर अंथरूण घडी करून ठेवलेलं. चपला नाहीत, पिशवी नाही. बाजारात नाहीत. घाटावर नाहीत. सरकारी दवाखान्यात जाऊन आलो, एस.टी. स्टँडवर प्रत्येक फलाट पाहिला. रामकुंडावर एक पांढरी टोपी पाण्याजवळ पडलेली दिसली आणि धावत सुटलो. दुसऱ्याची होती. तो अंघोळ करत होता.

दुपारी भाग्यश्री म्हणाली, तुम्ही आधी खाली बसा, मला सांगायचंय, नाना सुखरूप असतील. मी म्हटलं, तुला कसं माहीत? मग मीच तिला समजावलं, की ही शॉकची पहिली अवस्था आहे. ती पुन्हा काही बोलायला लागली. थांबवलं. साक्षीदाराने घाईत बोललं की स्मरण गढूळ होतं.

लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहितोय. फॅक्ट: ताटात पोळी वाढली गेली नानांसाठी. मीच वाढली.

३ फेब्रुवारी

चौकीत गेलो. हवालदार देवराम नावाचे गृहस्थ. नानांचे फोटो, उंची, तीळ, सगळं पुढे ठेवलं. त्यांनी फोटो पाहिले, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हे आधीच काढून ठेवले होते?" म्हटलं, हो, तीन आठवड्यांपूर्वी. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ते जाणार?" म्हटलं, अंदाज होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या तयारीचा परिणाम झालेला दिसला. शेवटी म्हणाले, गाव सोडून कुठे जाऊ नका. म्हणजे तपासात माझी गरज लागणार.

संध्याकाळी हवालदार घरी चौकशीला आले. घराबाहेर भाग्यश्री त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. जाताना हवालदार हसले. अशा प्रसंगी हसणं मला योग्य वाटलं नाही.

५ फेब्रुवारी

पोलिसांवर विसंबून चालणार नाही. पोस्टर काढलं. समोरचा फोटो, बाजूचा फोटो, मागे उंचीच्या खुणा. खाली ठळक अक्षरात: 'ही व्यक्ती दिसल्यास त्वरित कळवा.' पंचवटी, नाशिकरोड, दिंडोरी नाका, बाहेरगावच्या एस.टी. गाड्यांच्या पाठीवरही, सगळीकडे मीच खळ लावून चिकटवली.

स्टुडिओचा फोन दिवसभर वाजतोय. पहिला फोन: काय केलंय म्हाताऱ्याने? दुसरा: हत्यार आहे का जवळ? तिसऱ्या बाईंनी सांगितलं की याच माणसाने गेल्या वर्षी त्यांचं मंगळसूत्र ओढलं, त्यांना बाजूच्या फोटोवरून ओळख पटली. मी ओरडलो, अहो माझे वडील आहेत ते! बाई म्हणाल्या, मग लाज वाटायला पाहिजे तुम्हाला.

भाजीबाजारातल्या पोस्टरवर कोणीतरी 'नाना असे नाहीत' असं लिहून ठेवलंय. ते पोस्टर तसंच ठेवलं.

९ फेब्रुवारी

चार दिवसांनी बैठकीला गेलो. जाऊन बसलो तर सगळे गप्प. दुःखाचा मान राखणारी माणसं. मग केरूने एकदम कांद्याचा भाव काढला.

ज्ञानेशने सहज विचारलं, घर कोणाच्या नावावर आहे हो? म्हटलं, नानांच्या. त्याने केरूकडे पाहिलं. केरूने माझ्या गालाला साबण लावत हलकेच म्हटलं, "किशोरशेठ, मनात काही असंल तर बोलून टाका. हलकं वाटतं." म्हटलं, मनात खूप आहे रे. झोप नाही. डार्करूममध्ये फरशी बसवून घेतली तेवढंच एक काम झालं या महिन्यात. केरूचा हात थांबला. दाढीचे पैसे घेतले नाहीत त्याने. प्रेम आहे.

१२ फेब्रुवारी

नांदगावहून फोन! बाजारपेठेत तुमचा माणूस पकडलाय, दुकानात बसवून ठेवलाय. पहिली गाडी पकडून गेलो. वाटेत ठरवत होतो, रागवायचं नाही. फक्त विचारायचं, कुठे होता, कोण भेटलं, कोणत्या रस्त्याने गेलात.

दुकानात सहा फुटी म्हातारा, भरघोस मिशा, दोन पोरांनी दंड धरलेले. लेकीच्या घरी साखरपुड्याला निघाला होता, माझ्या पोस्टरपायी गाडी चुकली. मला पाहून नाही नाही ते बोलला. मी ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "तुहा कोण हे तो फोटोतला?" म्हटलं, बाप. म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सापडंल." मला दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. त्याने पोरांना पाणी आणायला सांगितलं.

१४ फेब्रुवारी

स्टुडिओ बंद ठेवून डार्करूममध्ये बसलो होतो. केरूच्या सलूनची आणि माझी भिंत एकच, पातळ. पलीकडे बैठक भरली होती. केस सुरू होती.

ज्ञानेश म्हणत होता, नव्वद टक्के केसमध्ये घरचाच माणूस असतो. अगदी माझ्या आवाजात, माझ्यासारखा थांबून. सगळे हसले. कोणी म्हणालं, फोटो आधी काढले म्हणजे प्लॅन जुना. कोणी म्हणालं, फरशीखाली. केरू म्हणाला, नका रे, माणूस तसा बरा होता. 'होता' म्हणाला. मग चहा आला. बशांचा आवाज. मग कोणीतरी विचारलं, त्या सुरगाण्याच्या जीपवाल्याचं पुढे काय झालं?

तिकडे जाऊन ठणकावून सांगायचं ठरवलं. गेलो नाही. दिव्याशिवायच बसून राहिलो. त्या जीपवाल्याला घर असेल, हे याआधी कधी डोक्यात आलं नव्हतं.

रडलो नाही. केमिकलने डोळे चुरचुरतात.

१६ फेब्रुवारी

स्वतःला सावरलं. सिद्धांत चुकीचा नाही, तो फक्त चुकीच्या माणसाला लावला गेलाय. घरचाच माणूस. मी नाही. उरलं कोण?

भाग्यश्री. पंधरा दिवसांत एकदाही रडलेली नाही. नानांचा स्वेटर कपाटातून गायब. काल तिने शेंगदाण्याची चटणी केली, एवढी मोठी बरणीभर, आणि आज बरणी नाही. शेंगदाण्याची चटणी नानांना आवडते. मेलेल्या माणसाची आवडती चटणी कोण करतं? अपराधी मन करतं.

विचारलं, उद्या काय प्रोग्राम? म्हणाली, बहिणीकडे जातेय, येता का? माझी नजर चुकवण्यासाठी मलाच बोलावते. किती थंड डोक्याची बाई. वीस वर्षं एका छपराखाली.

हे लिहिताना लाज वाटतेय. पण फॅक्ट्स.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पाठलाग. मफलर, काळा गॉगल, केरूकडून मागून आणलेली टोपी. ती पिंपळगाव बसवंतच्या गाडीत चढली, मी मागच्या दाराने. खिडकीकडे तोंड करून बसलो. कंडक्टर आला तेव्हा आवाज बदलून म्हटलं, एक पिंपळगाव. तो म्हणाला, "तुमचं तिकीट पुढच्या वहिनींनी काढलंय, किशोरभाऊ."

पिंपळगावला ती उतरून थांबली. म्हणाली, गॉगल काढा, पडाल. आणि चालायला लागली. मी मागे.

हायवेला लागून द्राक्षांचं पॅकहाऊस. आत पत्र्याखाली बायकांची रांग, घड निवडतायत, खराब मणी कात्रीने काढतायत. मधोमध खुर्चीवर नाना. हातात कात्री. काहीतरी गोष्ट सांगत होते आणि बायका हसत होत्या आणि नानाही हसत होते. आई गेल्यापासून मी नानांचे दात पाहिले नव्हते. खालचा एक पडलाय. कधी पडला, मला माहीत नाही.

मला पाहून नाना म्हणाले, "आला का? बस. चांगुणा, ह्याला खोकं दे बसायला." चांगुणा म्हणजे तिथली मुकादम बाई. तिने उलटं खोकं ठेवलं. मी बसलो नाही. म्हटलं, नाना, मी दवाखाने पालथे घातले. घाटावर दुसऱ्याची टोपी पाहून मेलो होतो मी. तुम्ही सांगून का नाही गेलात?

नाना म्हणाले, "रोज सांगूनच जात व्हतो की. कुढं जातो, कोन भेटंल, कवा येईल. येक डाव तुला न सांगता जाऊन पाह्यलं." मग द्राक्षाचा एक मणी काढून टाकला. "लय बरं वाटलं."

मी भाग्यश्रीला म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. नानांनी मला सांगूनच गाडी पकडली. मी तुम्हाला तीनदा सांगायला बसले, तिन्ही वेळा तुम्ही मला शॉक समजावून सांगितलात. हवालदारांना सांगितलं, त्यांनी लगेच ऐकलं.

"आन् त्या फोटोनं तर," नाना म्हणाले, "इथं दोन दिस समदे घाबरून राह्यले माला." बायका पुन्हा हसल्या. मला हुंदका आला. खोक्यावर बसलो. मी म्हटलं, घरी चला. नाना म्हणाले, "द्राक्षं सरू दे. मंग पाहू." माझ्या मांडीवर एक घड ठेवला. आंबट होता. सगळा खाल्ला.

१८ फेब्रुवारी

पोस्टर काढत फिरलो. खळ चांगली होती, निघत नाहीत. काही ठिकाणी नानांचा फक्त कान राहिलाय.

संध्याकाळी बैठकीत जाहीर केलं, नाना सापडले, पिंपळगावला आहेत, मजेत. आनंद झाला असेल. पण चेहरे पडलेले दिसले. ज्ञानेश म्हणाला, खात्री आहे ना, तेच आहेत? मग केरूने कांद्याचा भाव काढला.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवा संकल्प: नानांना काही विचारायचं नाही. दर रविवारी नुसतं भेटून यायचं. बाप-लेकाचं नातं नव्याने सुरू. मला खात्री आहे, महिन्याभरात ते आपण होऊन घरी येतील.

आज गेलो. दुपारभर खोक्यावर शेजारी बसलो. एकही प्रश्न नाही. कात्री पण चालवून पाहिली, चांगुणाबाईंनी काढून घेतली. नानांना जेवणात काय होतं, रात्री कुठे झोपतात, तो दात कधी पडला, सगळं ओठावर आलं आणि गिळलं. नानांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना फरक जाणवला.

शेवटी त्यांनीच विचारलं, परत कधी जाणार? ऊर भरून आला. म्हटलं, थांबतो की, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जाईन.

नाना म्हणाले, "तिच्या आदी बी येक हाय."