चौथ्या मजल्याचा भात

सोमवार, भर जेवणाची वेळ

काल फोनवर तोंड दाखवलंस तेव्हा तुझ्या मागे टेबलावर विकतच्या जेवणाचा डबा होता. झाकण अर्धवट लोटलेलं, बाजूला कागदी पिशवी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खानावळवालीची नात, आणि दुसऱ्याच्या हातचं घरी मागवून खाते! वर मलाच विचारतेस, "आजी, धंदा कसा चाललाय?" तोंडातला घास तरी आधी गिळायचा होतास.

आता रीतीचं लिहिते. चि. ठमीस आजीचे आशीर्वाद. जावईबापू बरे असतील. पोराचं रडणं ठणठणीत ऐकू आलं, म्हणजे तेही बरं आहे. इथे तुझ्या बापाचे गुडघे आणि तुझ्या आईची जीभ, दोन्ही कुरकुरतात. माझं अक्षर लागेल तसं लावून वाच. फोनवर का नाही बोललीस म्हणशील, तर फोनवर तू "आजी, मीटिंग आहे" म्हणून पळतेस. कागदाला मीटिंग नसते.

तुला आठवत असेल, रोज सकाळी मी दारात उभी राहून समोरच्या तुमच्या ऑफिसच्या इमारतीकडे बघायची. जो येई तो आपल्या खोलीचा दिवा लावी. दिवे बघायचे आणि आत ओरडायचं, भात किती टाकायचा ते. कधी चुकलं नाही. तुम्ही सगळे घरी बसून काम करायला लागलात तसे दिवे गेले, आम्हीही पातेलं लहान केलं.

मागच्या महिन्यात एका सकाळी बघते तर सगळे मजले लखलखीत! आचाऱ्याने मोठं पातेलं उतरवलं. वाढपी काकांनी टेबलं दोनदा पुसली, जग भरून ठेवले. जेवणाची वेळ आली आणि गेली. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच. दिवे चालू, माणूस नाही. आम्ही तिघं सकाळ-संध्याकाळ भातच खात होतो. आचारी म्हणाला, "आजी, आता भात माझ्या स्वप्नात येतो आणि विचारतो, जेवलास का?"

मला वाटलं, तुमची माणसं दुसरीकडे जेवतात. कोपऱ्यावरच्या चहावाल्यावर आळ घेतला, त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचीही किटली थंडच होती, हे मागाहून कळलं. शेवटी तुमच्या ऑफिसात फरशी पुसते ती बाई म्हणाली, "अहो आजी, ते दिवे आता आपोआप लागतात. वर फक्त मी आणि कुंड्या."

माणूस नाही तर दिवा कोणासाठी? तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल.

मध्येच उठले. गिऱ्हाईक आलं होतं. गिऱ्हाईक कसलं, संडास कुठे आहे विचारून गेलं.

तुझा बाप म्हणतो, टेबलं काढून टाकू, नुसते डबे भरून लोकांच्या घरी पाठवू. आचारी राहील, मी राहीन. डब्यात वाढायला वाढपी लागत नाही. काकांना दवाखान्याच्या कँटीनमध्ये जागा मिळते आहे, महिनाअखेर हो म्हणायचं आहे. आणि हा म्हातारा अडून बसलाय. "मी नाही जात. चौथ्या मजल्याची माणसं परत येतायत."

हे त्यांना कोणी सांगितलं तेच लिहायला बसले होते. भातावरच घोळत राहिले.

दिव्यांचं कळल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. त्या बाईच्या मागोमाग लिफ्टने वर, तुमच्या चौथ्या मजल्यावर गेले. का गेले ते विचारू नकोस. तिने तुझं टेबल दाखवलं. खुर्चीला तुझा राखाडी स्वेटर तसाच लटकत होता. तो पिशवीत घातला, घरी आणून धुतला. पाठवणार नाही, हवा तर येऊन ने. खिडकीशी जरा उभी राहिले. तिथून आपलं दार नीट दिसतं, हे तू कधी बोलली नव्हतीस. दारात काका उभे होते, खांद्यावर फडकं, मान वर. मी हात केला. उगाच आपला.

त्यांना लांबचं धड दिसत नाही. मी खाली येईपर्यंत मोठं पातेलं चुलीवर! "बाई, चौथ्या मजल्यावर माणूस आलंय! मला हात केला! तुमची ठमीच असणार, दुसरं कोण हात करतंय मला?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मीठ बघा."

तेव्हापासून ते इथे खानावळीत, कोपऱ्यातल्या तुझ्या जेवायच्या टेबलावर रोज पाण्याचा पेला ठेवतात. तू आली नाहीस की म्हणतात, कामात असेल, उशिरा उतरेल.

आता बोल कोणाला लावू? तुमच्या साहेबाला लावावा, तर त्याच्यामुळेच तू पोराला मांडीवर घेऊन काम करतेस. तुला लावावा, तर तू खूश दिसतेस, गालही वर आलेत. तीच माझी पंचाईत. काकांना खरं सांगितलं तर ते जातील आणि मी भांडू कोणाशी? नाही सांगितलं तर दवाखान्यातली जागा जाईल, आणि टेबलं निघाली की इथलीही. जन्मभर दुसऱ्याला अक्कल शिकवली, आणि हे एवढंसं मला उलगडत नाही. आज सकाळीसुद्धा दारात उभी राहून ते मेले दिवे बघत होते, सगळं ठाऊक असून.

तर उत्तर मला लिहू नकोस. नवऱ्याकडून लिहवून घेऊ नकोस, बापाला फोन करू नकोस. काकांच्या नावाने, मोठ्या ठळक अक्षरात, तू स्वतः लिही, की खिडकीत तू नव्हतीस. आणि येणार आहेस की नाहीस, तेही तूच लिही. महिना संपायच्या आत. ते वाचतील तेव्हा मी आत असेन, मीठ बघायला.

चौथ्या मजल्यावर दिसलेली,
तुझी आजी