टॉवेलची घडी

आई, तुझा तो हिरव्या काठाचा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे. एका बाजूला धागा सुटलेला, म्हणून कारखान्याने नाकारलेला. सोलापुरात भवानी पेठेतल्या आपल्या घराच्या दारात मशीन मांडून तू दिवसभर टॉवेलांच्या कडा शिवायचीस आणि मी समोरच्या बोळात बॉल टाकत बसायची. एक दिवस माझा बॉल शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. काकूंनी बोळ डोक्यावर घेतला. तू मशीन थांबवलंस, हा टॉवेल उचलून बोळात मधोमध अंथरलास आणि म्हणालीस, "हितं पाड. ह्याच्या भाईर गेला तर तुझा बॉल बंबात घालीन." क्रिकेटशी तुझं काही देणंघेणं नव्हतं. तुला कुरडया वाचवायच्या होत्या.

मी चिडून टाकत राहिले आणि कधीतरी बॉल टॉवेलवर पडू लागला. कौतुक करशील तर ती तू कसली! "जमतंय की. मग एवढा पसारा कशाला? लोकांनी जायचं कुटनं?" म्हणत तू टॉवेलला एक घडी घातलीस. पुढे आणखी एक. जिल्ह्याच्या निवडीत मला वगळलं त्या संध्याकाळी मी बोळात उभी आहे, एकही बॉल टॉवेलवर पडत नाही, डोळे भरून आलेत. तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणतेस, "जमंना तर उघड की एक घडी. कोण बघतंय? मी एकटीच बघतीय, आन् मला त्यातलं काय बी कळत न्हाई." असा राग आला होता तुझा! पण घडी उघडली.

तू गेलीस तेव्हा मी राज्याकडूनही खेळले नव्हते. नंतर देशाकडून खेळले, आई. परदेशातल्या मैदानांवर खेळले, विकेटी काढल्या. प्रत्येक दौऱ्यात हा टॉवेल बॅगेत असायचा. सरावाला मी त्याची रुमालाएवढी घडी करून अंथरायची. बरोबरच्या मुली विचारायच्या, हे काय गं? मी म्हणायची, सोलापूरची आहे मी, टॉवेल नाही तर काय आणू? टीव्हीवर कुणी माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं की मला मात्र काकूंच्या कुरडया आठवायच्या.

गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि संघातली जागा गेली. पुढच्या महिन्यात शिबिर आहे. तिथे बॉल जागेवर पडला नाही तर मला पुन्हा बोलावणार नाहीत, हे कुणी सांगायची गरज नाही. धाकटा म्हणतो, "अक्का, लई खेळलीस की. टीव्हीवर बोलायला बोलवायलेत, जा की गुमान." त्याला माझी काळजी आहे, कळतं मला. पण मी ऐकणार नाही. पस्तिशी ओलांडली म्हणून काय झालं, बॉल फिरवणारी बोटं अजून शाबूत आहेत. थांबायचं तेव्हा थांबेन, पण मैदानावर उभी राहून थांबेन, घरात बसून नाही.

तरी इतके दिवस मी हट्टाने त्या रुमालाएवढ्या घडीवरच टाकत होते आणि चुकत होते. आज सकाळी शाळेच्या मैदानावर गेले, सगळ्या घड्या मोडल्या आणि टॉवेल पुरता अंथरला. सुरुवातीचे बॉल टॉवेलच्या अलीकडेच पडले. खांदा ठणकत होता. मग एक पडला, अगदी काठावर, धागा सुटलाय तिथे. उद्याही पुरताच अंथरणार आहे. जमलं की एक घडी घालीन, मग दुसरी. शिबिराला जाईन ती रुमालाएवढी घडी घेऊनच.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा एक सांगून टाकते. टॉवेल उघडताना लाज वाटेल असं वाटलं होतं, ती काही वाटली नाही. पण तो बॉल काठावर पडला, तेव्हा मी मान वळवून मागे पाहिलं. कुणीच बघत नव्हतं, आई.