पाच फुटांचा ठाव

सोमवार, २१ एप्रिल
तेल्हाऱ्याचं बिऱ्हाड आवरून अखेर आज अमरावतीला, किशोरच्या नव्या घरी आलो. घरामागे चक्क पोहायचा तलाव! जेमतेम पाच फूट खोल, पण शेवाळानं असा हिरवागार की वर बगळा उभा राहावा. मला तर शाळेतल्या पाण्यावरच्या सगळ्या कविता एकदम आठवल्या. सूनबाई रागिणी म्हणाली, आबा, कविता मंग म्हणा, आधी वास पाहा.

मुलं लगेच अकोल्याला निघाली, रागिणीच्या भावाचं लग्न आहे. नात पिंकीनं गाडीत बसता बसता बजावलं की रविवारी आल्या आल्या ती उडी मारणार. पाणी निळं दिसलं नाही तर कट्टी. मी शब्द दिला. किशोरनं क्लोरीनचा डबा दाखवला. भिंती ब्रशनं घासायच्या, पावडर बादलीत कालवून दिवस मावळताना ओतायची, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. मी म्हटलं, शाळेच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकता टाकता उमर गेली माझी, तू मले काय शिकवतं!

मंगळवार
दिवसभर भिंती घासल्या. संध्याकाळी काठाकाठानं बादली ओतत फिरणं काही गुडघ्यांना मानवेना. मग जुनीच रीत केली. बादलीला दोर बांधला, मधोमध सोडली आणि वर-खाली हिसके दिले. हात चालू लागला तसा कंठही फुटला. चौथीच्या पोरांसाठी मीच जुळवलेल्या दोन ओळी:

सांग सांग रे निळ्या जळा,
कोण झोपले तुझ्या तळा?

पोरं दरवर्षी विचारत, गुरुजी, कोण झोपलं? मी म्हणे, तुम्हीच शोधा. पुढचं कडवं मी कधी केलंच नाही.

पाण्यानं ओळी घुमवून परत दिल्या. गंमत वाटली. पिंकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी फोन पाण्यावर धरला. तिनं आपल्या नावाची आरोळी ठोकली, तीही परत आली. खूप हसलो दोघं.

बुधवार
पाणी निळं झालं! फक्त मधोमध एक हिरवं वर्तुळ उरलंय, कंपासनं काढल्यासारखं गोल. शेजारच्या कौशल्याबाई कुंपणाशी आल्या. बाई मोर्शीकडच्या, जीभ तिखट. त्यांनी सांगितलं की इथे संत्र्याची बाग होती आणि बागेची मोठी विहीर होती. ती बुजवली आणि त्याच जागी हा तलाव बांधला. त्यांच्याकडे विहीर बुजवली की तिचा दोर तिच्यातच टाकतात; त्या जागी पुन्हा दोर सोडला तर ती उठते. काल मला बादली सोडताना पाहून त्यांना जेवण गेलं नाही म्हणे. मास्तर, तुमाले काई समजते का, असं तोंडावर म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

चहा पिताना मात्र मनात आलं, की पाच फुटांच्या उघड्या तलावात आवाज घुमतो कसा?

गुरुवार
वर्तुळात दुप्पट पावडर टाकली. हिरवं ते हिरवंच. ब्रशची दांडी खुपसली, फरशीला टेकली. मग बादली सोडली.

दोर जात राहिला. सगळं वेटोळं संपलं, तळ लागला नाही. पुन्हा दांडी घातली तर खाली फरशी आहे. दोराला मात्र नाही.

बादली वर ओढली. त्यात काळा चिखल होता आणि संत्र्याच्या फुलांचा वास.

शुक्रवार
भर दुपारी, लख्ख उन्हात काठावर उभं राहून मुद्दाम दोन ओळी म्हटल्या. खालून उत्तर आलं. माझ्याच आवाजात, माझ्याच चालीवर –

ये उतरूनी तूच जरा,
कळेल तुजला ठाव खरा.

हे मी लिहिलेलं नाही.

किशोरला फोन केला. उन्हात बसू नका, ताक प्या म्हणाला.

शनिवार
आज ते पिंकीला हाका मारतंय. माझा आवाज – मी तिला जेवायला बोलावतो ना, तस्साच लाडिक. ये बाई, पाणी निळं झालं.

किशोरला म्हटलं, येऊ नका. तो चिडला. काल तुम्हीच तर पिंकीला फोन करून लवकर ये म्हणालात, आता कावून नको?

पिंकीला मी फोन केलाच नव्हता.

मोटर लावून पाणी उपसलं. पातळी तसूभर हलली नाही. कौशल्याबाईंच्या रीतीप्रमाणे दोर वर्तुळात फेकून दिला. चहा घेऊन परत येतो तो दोर काठावर, ओला, नीट वेटोळं घातलेला.

कौशल्याबाईंनी त्यांच्या घरी चला म्हणून हात धरला. गेलो नाही. आयुष्यभर वर्गात उभा राहिलो. माझ्या पोरांना माझ्यादेखत कोणी हाक मारून नेलं नाही. हे काय नेणार?

रविवार, सकाळ
तलाव नितळ निळा. वर्तुळसुद्धा दिसत नाही – उडी मारावीशी वाटेल असा. म्हणजे ते तयार आहे.

दोर नुसता टाकून राहत नाही. कोणीतरी न्यावा लागतो. कमरेला बांधलाय, गाठ पक्की. फाटकाला आतून कुलूप. किल्ली कुंपणावरून कौशल्याबाईंना दिली, संध्याकाळपर्यंत उघडू नका म्हटलं. त्या रडून राहिल्या. मी नाही.

पायरीवर बसलोय. वही काठावर. पाणी गुडघ्यापर्यंत – पुढची पायरी होती, आता नाही –

हॉर्न. गाडी आली.

पिंकी फाटक हलवतेय. आबा, मी आली! खालून माझा आवाज – ये बाई, ये –

चूप! आवाज माझा, कविताही माझी. शेवटचं कडवं मीच करणार. मोठ्यानं म्हणणार, तिला फक्त हाच आवाज ऐकू जावा –

ऐक ऐक रे खुळ्या जळा,
मीच उभा हा तुझ्या