अस्वल उशिरा का आलं

४ नोव्हेंबर

मास्तरणीने आज पुन्हा मला नापास केलं. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात गायब, पण तोरा बघा! झोपताना अस्वलाची गोष्ट वाचत होते. शेवटचं पान — 'मोठं अस्वल डोंगरापलीकडे गेलं. ते परत आलं नाही.' लेक ताडकन उठून बसली. "चूक! येतं ते परत. न्हाव्याकडे बसलेलं असतं. बाबा वाचायचे तसं वाच!"

अस्वल आणि न्हाव्याकडे? सगळी पानं उलटून पाहिली. न्हावी कुठेच नाही.

५ नोव्हेंबर

चूक माझीच असणार. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. नवरा गेल्यावर या दहा महिन्यांत लिहायला-वाचायला शिकले — साबणाच्या पुड्यांवरून, लॉन्ड्रीतल्या कपड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवरून. आधी तोच वाचायचा आणि मी भांडी घासायचे. नळाच्या आवाजात निम्मं ऐकूच यायचं नाही. जोडाक्षर आलं की अजून अडखळते.

६ नोव्हेंबर

पुस्तक पिशवीतून लॉन्ड्रीत नेलं. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, एवढं पान वाचून दाखवा. त्यांनी चष्मा चढवून वाचलं. शब्दन् शब्द माझाच! वर म्हणाल्या, "पोरीला असलं रडकं कशाला गं वाचतेस?"

मी बरोबर! दिवसभर चादरींना इस्त्री करताना छाती फुगलेली. संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला — मी बरोबर, म्हणजे तो खोटा! रोज पुस्तक उघडून सरळ थापा. आणि मी शेजारणींना सांगत फिरायचे, आमचे हे काय सुंदर वाचतात!

जिवंत होता तेव्हा 'अहो' म्हणायचे. आता 'अरे' म्हणते. काय करणार आहे? अरे, चार पानं वाचायचा एवढा कंटाळा?

८ नोव्हेंबर

पोरीला खरं सांगायचं ठरवलं. अस्वल परत येतं म्हटलं, तर उद्या विचारेल — मग आपले बाबा कुठल्या न्हाव्याकडे बसलेत? काय सांगू?

तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. "हे बघ. 'आलं नाही'. स्पष्ट लिहिलंय." तिने हात ओढून घेतला. "तुला वाचताच येत नाही. उद्यापासून मी माझी झोपते."

झोपली. भिंतीकडे तोंड करून.

९ नोव्हेंबर

आज गोष्ट नाही. दोघी जाग्या, दोघींचं घोरायचं नाटक. तिचं जास्त चांगलं.

१० नोव्हेंबर

शेवटी मीच शरण गेले. "बरं बाई, अस्वलाला उशीर का झाला, तूच सांग."

मग काय विचारता! एकदा न्हाव्याकडे — अंगभर केस, कापता कापता कैची मोडली. एकदा काट्यात चड्डी फाटली, म्हणून अंधार पडेपर्यंत झुडपात बसून. एकदा फुकटचा मध खाऊन जुलाब! मी पोट धरून हसले. दहा महिन्यांत एवढी हसले नव्हते. मग त्याचा रागच आला — पोरीला असल्या गोष्टी, माझ्याशी बोलताना मात्र भाडं आणि गॅस सिलिंडर!

"बाबा पहिल्यापासून असंच वाचायचे?" विचारलं. पण तोवर ती झोपली होती.

११ नोव्हेंबर

उत्तर आज मिळालं. वेणी घालताना, आपणहून.

"आधी तुझ्यासारखंच वाचायचे. मग मला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले ना, त्या रात्रीपासून अस्वल परत यायला लागलं."

त्या दिवशी मला म्हणाला होता, दाढ काढून आलो. खरा आजार मला चार महिन्यांनी कळला.

गाल सुजला नव्हता. मला दिसलं होतं ते.