शेपटीतलं लिंबू

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, जि. वर्धा.

दि. ०९/११/२०२५, दुपारी २ वाजता

विषय : खेळण्यातल्या विमानामागे मोटारसायकलने गेलेले पती परत न आल्याबाबत.
संदर्भ : आपल्या हवालदारांचे आजचे तोंडी उत्तर, "विमानाचं इथं नाई पाहत ताई, नागपूरले जा."

महोदय,

"शेपटीले हात नको लावू, दहा ग्रॅम वाढले तरी नाक वर जाईन," असे माझे पती निशांत यांनी मला बजावले होते. मी बी.एस्सी. (भौतिकशास्त्र) आहे. तरीही मनावर घेतले नाही.

१. सदर विमान फोमचे असून बॅटरीवर मुकाट्याने उडत असे. तो मुकाटपणा पतींना सोसेना. त्यांनी मोटर, बॅटरी काढून नाकात प्लायवूड ठोकले व त्यावर मिथेनॉल आणि एरंडेल पिणारे ग्लो इंजीन बसवले. तीन आठवडे घराला जुलाबाच्या औषधाचा वास आहे. तोल साधावा म्हणून ते विमान दोन बोटांवर तासन्‌तास धरत. आमची इला तीन वर्षांची आहे. तिलाही इतके कोणी उचललेले नाही.

२. मागच्या रविवारी इंजिनाच्या पात्याने त्यांचे बोट कापले, चार टाके पडले. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली, लिंबू बांध." मी घाबरलेलीच होते. काल ते आंघोळीला गेले तेव्हा शेपटीतला फोम कोरून मी लिंबू, बिबा व दोन मिरच्या आत बसवल्या, वरून पांढरी टेप लावली.

३. आज साडेआठला पिपरी मेघेच्या मोकळ्या ले-आउटवरून विमान छान उडाले. मग नाकातले इंधन संपत गेले, नाक हलके झाले आणि शेपटी माझ्या कृपेने जडच राहिली. विमान शेपटीवर उभे झाले, रिमोटला न जुमानता सिंदी मेघेकडे गेले. पती म्हणाले, "मले इंजीन जमतच नाई," आणि हेल्मेट, मोबाईल टाकून मागे निघाले. तेव्हा मी तोंड उघडले नाही.

४. विमान नको. सापडल्यास खुशाल जप्त करावे. परंतु पतींना काही शोधायचे असले की ते आधी उंचावर चढतात, आणि आता तर चार टाक्यांच्या बोटाने. तरी कोणाला तरी सिंदी मेघेकडे पाठवून झाडे व पाण्याची टाकी पाहावी. ते वर दिसल्यास, इंजीन उत्तम चालले एवढेच खालून सांगावे. लिंबाचे ते उतरल्यावर मी सांगेन.

कबुलीसह,
सौ. यामिनी निशांत ढोले
पिपरी मेघे

सोबत : फोटो (विमान स्पष्ट, पंखामागे पती).

ता.क. मी इलाला घेऊन बाहेरच्या बाकावर आहे. आधी टाकी पाहावी, साहेब.