भिंतीपलीकडचा पिटुनिया

१४ डिसेंबर
माफ कर, लिहायला फार उशीर झाला. दिवाळी झाल्यावर वैशालीकडे बंगलोरला निघालीस तेव्हा ही वही हातात दिलीस. म्हणालीस, रोज दोन ओळी लिहा, झाडांना काय घातलं, काय झालं, आले की वाचीन. आणि आज पहिली ओळ. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं म्हणून राहिलं. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच, त्यात लिहायचा हात गेलेला.
पण वैशालीला मुलगी झाली. आपण आजी-आजोबा झालो. हे तरी चांगलं लिहून ठेवतो.
बीपीची गोळी घेतली. गॅस बंद आहे. परत बघितला, बंदच आहे.

१६ डिसेंबर
पिटुनियाची रोपं जगलीत, पण वाढ नाही. भिंतीपलीकडे मु. ची बघ. (मु. म्हणजे मुकादम. पूर्ण नाव लिहायला हात जात नाही.) त्याची टोपलीएवढी झाली. बी एकाच पाकिटातलं. तूच पेरलंस आणि तूच अर्धी रोपं भिंतीवरून त्याला दिलीस. "घ्या मुकादमभाई, तुमच्या अंगणात ऊन चांगलं हाय." ऊन काय वेगळं आहे? दोन रो-हाऊस, मध्ये कंबरेएवढी भिंत. खारघरला सूर्य एकच.
त्याला फुलंही आली. जांभळी, पांढऱ्या काठाची. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१९ डिसेंबर
आज एक आठवलं. गावाला आई मिरचीच्या झाडांना मासळी धुतलेलं पाणी घालायची. झाड मिरचीने वाकायचं. मांदेली आणली, धुतली, ते पाणी सगळ्या कुंड्यांना घातलं. डोकीपण मातीत पुरली. मु. ला हे माहीत नसणार. तो बोटीवर स्वयंपाकी होता, त्याला मासळी शिजवायची माहिती, झाडाला घालायची कुठून.
आमटी खारट झाली. खाल्ली.

२० डिसेंबर
मांजरं. सगळ्या कुंड्या उकरल्या. दोन रोपं मुळासकट बाहेर, माती पार गेटपर्यंत. मी झाडू घेऊन उभा, आणि मु. चहाचा कप घेऊन भिंतीशी.
"काय म्हात्रे, मांदेली पेरलीत? उगवली की आम्हालापण द्या."
हसलो. काय करणार. आत येऊन दार आपटलं. मग परत जाऊन बिजागरी बघितली. ठीक आहे.

२ जानेवारी
मासळीच्या पाण्याने झाडं वाढली, पण कशी? एकेक दांडी हातभर लांब, टोकाला एक फूल. भिकाऱ्याने काठीला फडकं बांधावं तशी. मु. ची झाडं बसकी आणि फुलांनी भरलेली.
व्हिडिओ कॉलवर तुला दाखवत होतो. तू म्हणालीस, "अहो, नुसता अंगठा दिसतोय." मग म्हणालीस, "राहू द्या, मुकादमभाईंनी पाठवलाय फोटो, त्यात आपलं अंगन पन दिसतंय."
तो तुला फोटो पाठवतो. हे मला आज कळलं.
"शेंडे खुडा हो. किती वेळा सांगितलं? वरचा शेंडा काढला की बाजूनं फुटवे येतात."
हो म्हटलं. कॉल झाल्यावर बाहेर गेलो. नखं लावली शेंड्याला. शेंड्यावर कळी होती. ज्या झाडाला एकच फूल येतंय त्याची कळी कशी मोडायची? परत आलो.

८ जानेवारी
तुला विचारलं, कधी येतेस. म्हणालीस, बघू, बाळाला आंघोळ घालायला बाई मिळेना.
मी म्हटलं, मीच येतो तिकडं. बारशालापण फोनवरूनच बघितलं.
"तुमी येऊन इथं काय करनार? घर उघडं टाकून कसं चालेल. घर सांभाळा, झाडं सांभाळा."
काय करणार. बरोबर आहे, मी काय करणार तिथं. पण बाळाला अजून हातात...
मग मी म्हटलं, पिटुनिया मार्चपर्यंतच असतो, उन्हाळा लागला की संपला, त्याआधी ये. तू हसलीस. "आधी फुलू तर द्या त्याला, मग येते बघायला."
म्हणजे फुलला की येणार. मी तसं धरलं आहे.

१५ जानेवारी
काल संक्रांत. ओळीतल्या सगळ्या घरांत तिळगूळ देऊन आलो, मु. चं दार सोडलं. संध्याकाळी तोच आला.
"काय म्हात्रे, वहिनी घरात नाहीत तर गोड बोलणं बंद काय?"
द्यावा लागला. दोन वड्या. उभ्याउभ्या खाल्ल्या, म्हणाला वहिनींच्या हातची चव नाही. दुकानच्या होत्या, कशी असेल. पण तुझ्या हातची चव त्याला इतकी पाठ कशी? त्याची बायको वारल्यापासून तू दर सणाला भिंतीवरून ताट द्यायचीस, ते खरं. मी कधी काही बोललो नाही. तेव्हा वाटायचं, बिचारा एकटा आहे.
आता मी एकटा आहे. आणि त्याच्याकडे फुलं.

२६ जानेवारी
पौष सरला, लग्नं सुरू. उद्या उरणला भाच्याची हळद, परवा लग्न. जायला नको वाटतं. ऊन वाढलंय, कुंड्या सुकतील. तू फोनवर ओरडलीस, "मामा नाही गेला तर लोक काय म्हनतील? जा." जातो. मु. ला सांगणार नाही. कुंड्यांना भरपूर पाणी घालून, खाली परातीत पाणी ठेवून जातो. चावी दोनदा तपासली.

२९ जानेवारी
पिशवी अजून उघडली नाही, आधी हे लिहितो. अक्षर चुकलं तर चुकलं.
सकाळी आलो. गेट उघडलं. सगळी झाडं कापलेली. एक शेंडा नाही, एक फूल नाही, एक कळी नाही. बोटभर खुंट राहिलेत. मांजराचं काम नाही हे. नखानं एकेक खुडलेलं.
भिंतीशी जाऊन ओरडलो. कोणी हात लावला माझ्या झाडांना?
मु. बाहेर आला. "मी लावला."
"कोणाला विचारून?"
"वहिनींना. त्यांचाच फोन आला होता. म्हणाल्या, ह्यांच्याने होणार नाही, गावाला गेलेत तोवर उरकून टाका."
उरकून टाका. असं म्हणालीस?
मग मी बोललो. म्हणालो, तुमच्या घरात कोणी राहिलं नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात डोकावता काय.
तो वळला. आत गेला. त्याचा नळ चालूच राहिला होता, बराच वेळ. पाणी माझ्या गेटपर्यंत आलं.

३० जानेवारी
मी फोन केला नाही. तुझा आला.
"मुकादमभाईंना काय बोललात?"
"त्यानं सांगितलं तुला?"
"नाही. मी इतकं विचारलं, काहीच बोलले नाहीत. म्हनून तुमाला विचारतेय."
मग सांगितलं. बाळ रडत होतं मागे.
मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस खुडायचं आहे ते?
"सांगितलं असतं तर तुमी हळदीला गेला नसता. कुंड्यांपाशी बसून राहिला असता."
हे खरं आहे. पण खरं असलं तरी माझ्या झाडाचं तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि मी तिकडे हळदीत नाचायचं?

३ फेब्रुवारी
काही नाही. खुंट. पाणी घातलं.
मु. सकाळी बाहेर येतो, मी बाहेर असलो की आत जातो. माफी मागायला हवी. भिंतीपर्यंत गेलो होतो. त्याचा पिटुनिया भिंतीवरून आपल्या बाजूला लोंबतोय आता, एवढा माजलाय. ते बघितलं आणि परत आलो.

१२ फेब्रुवारी
फुटवे आलेत. एका खुंटाला तीन-चार. काही ठिकाणी जास्त. चष्मा लावून बघितलं, बारीक कळ्या आहेत.
तुला फोनवर सांगणार होतो, नाही सांगितलं. सांगितलं तर तू म्हणणार, बघा मी म्हनत नव्हते. आणि नंतर त्यालाही सांगणार.

१९ फेब्रुवारी
फुललं. सगळं अंगण. जांभळं, गुलाबी, तो पांढऱ्या काठाचा. सकाळी दार उघडलं तर कुंड्या दिसतच नाहीत, नुसती फुलं. मेट्रोकडे जाणाऱ्या दोन मुली थांबून फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "काका, किती भारी! तुम्ही केलंत?"
हो म्हणायचं होतं. मु. तिकडे पाणी घालत उभा. मी म्हटलं, आमच्या घरच्यांनी लावलंय.
तो पाणी घालत राहिला. वर बघितलं नाही. एवढं फुलल्यावर आनंद व्हायला हवा ना मला? झाला. पण अंगण माझं आणि बोटं त्याची. दिवसभर तेच डोक्यात.

२४ फेब्रुवारी
आता सुकलेली फुलं मीच काढतो. रोज सकाळी. तू सांगायचीस ना, बी धरू देऊ नका, बी धरलं की फुलणं थांबतं. बोटं चिकट होतात, साबणानंही जात नाही, चपातीला वास लागतो. चालेल. निदान हे तरी मी करतो.
आज फोटो काढला, नीट आला, पाठवला. तुझा लगेच फोन.
"अगंबाई! मुकादमभाईंच्यापेक्षा चांगला फुललाय की आपला."
मी म्हटलं, काय म्हणालीस? आवाज कट झाला.
तू परत म्हणालीस.
आवाज कट झाला नव्हता.
मग म्हटलं, आता ये. फुललाय. तू म्हणालीस, "होळी होऊ दे, बघू." परत बघू.

५ मार्च
ऊन तापलं. दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी पाणी घातलं की उठतात. किती दिवस उठतील सांगता येत नाही.
आज मु. भिंतीशी आला. हळदीनंतर पहिल्यांदा. मीच आधी बोललो. म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो ते...
"असू द्या हो. बोटीवर याच्यापेक्षा वाईट ऐकलंय, तेपण पाच भाषांत."
मग खिशातून फोन काढला. त्याचा मुलगा बंगलोरला असतो, त्याच्याकडे निघालाय. "वहिनींचा निरोप आलाय. येताना सुका जवळा घेऊन या म्हणतात, तिकडं चांगला मिळत नाही."
तू जवळा त्याला सांगितलास?
जवळा मी आणतो. लग्न झाल्यापासून मीच आणतो. वाळू नसलेला, लालसर, वास घेऊन, मूठभर चाखून. तो बोटीवरचा माणूस, त्याला सुका जवळा कळतो का? आणि तो तुझ्या दारात जाणार. बाळाला बघणार. माझ्या आधी.
माझं तोंड बघून त्याला कळलं असावं. म्हणाला, "चला की तुमी पण. दोघं जाऊ, माझ्या मुलाला सांगतो तिकिटं काढायला."
मी म्हटलं, झाडांना पाणी कोण घालणार?
"मला काय विचारता? मी तर गाडीत तुमच्या बाजूला बसलेलो असणार."
आणि हसला. त्याचीपण झाडं आहेत. त्याचीपण फुललीत. त्याला काहीच वाटत नाही का सोडून जायला? म्हणतो, "फुलं काय, पुढच्या दिवाळीला परत पेरू. पोरं तेवढीशीच राहत नाहीत."

७ मार्च
पनवेलला जाऊन जवळा घेतला. तीन दुकानं फिरलो. चांगला मिळाला. डबा बंद करून ठेवलाय, वरून प्लास्टिक, तरी घरभर वास. मु. कडे द्यायचा म्हणून आणला. अजून दिला नाही.
वैशालीला विचारलं. "बाबा, विचारता काय, या ना! बाळाला आजोबा नकोत का?" तू बाळाला तेल लावत होतीस. मागून तुझा आवाज आला, "बघा म्हनावं, जमतंय का."
जमतंय का. हे या म्हणणं झालं का? रात्रभर हेच. या म्हणायचं असतं तर या म्हणाली असतीस. नको म्हणायचं असतं तर नको म्हणाली असतीस.

९ मार्च
उद्या दुपारी मु. चा मुलगा तिकिटं काढणार. मु. तीनदा विचारून गेला. शेवटी म्हणाला, "म्हात्रे, हो की नाही ते सांगा, मला तुमचं तोंड बघून काही कळत नाही."
आज सकाळी अंगणात जितकी फुलं आहेत तितकी याआधी नव्हती. ह्या उन्हात दोन दिवस पाणी नाही मिळालं तर सगळं जळणार. थांबलो तर आणखी दहा-पंधरा दिवस राहील. तेवढ्यात तू आलीस तर बघशील. नाही आलीस तर मी एकटाच बघत बसणार, भिंतीपलीकडे कुलूप, आणि मु. तिकडे तुझ्या-माझ्या नातीला मांडीवर घेऊन.
मु. चला म्हणाला. वैशाली या म्हणाली. तू अजून काही म्हणाली नाहीस. तू सांगितलंस घर सांभाळा, सांभाळलं. झाडं सांभाळा, सांभाळली, जशी जमली तशी. पुढचं मला ठरवता येत नाही गं.
फोन केला दोनदा, उचलला नाहीस. बाळाला झोपवत असशील. म्हणून हे इथे लिहितो, आणि ह्या पानाचा फोटो काढून पाठवतो. वाचलंस की लगेच कळव. मुकादमला नको, मला कळव. येते म्हण, मी फुलांपाशी थांबतो. नाहीतर या म्हण, मी फुलं सोडून येतो. दोन्हीतलं एक, तुझ्या तोंडून. उद्या दुपारच्या आत.