पोहे खर्चात धरत नाहीत

आई,

आज तुझ्याकडे राहणारी नर्स आठवली. बाबा गेल्यावर मिरजेच्या घरातली पुढची खोली तू तिला दिली होतीस. भाडं इतकं कमी की आत्या म्हणाली, "वहिनी, धर्मशाळेची पाटी तरी लाव." तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "रंगाचे पैसे द्या वन्सं, उद्याच लावते." मी हसले, तर मलाच दटावलंस, "आणि तू, तिला भाडेकरू म्हणायचं नाही." तेव्हा मला तो तुझा मोठेपणा वाटला होता.

इथे सिंगापुरात, बुकित बातोकच्या माझ्या फ्लॅटमध्येही आता एक मुलगी राहते. नागपूरकडची आहे, वन-नॉर्थला संशोधन करते, मला मावशी म्हणते. तुझे जावई गेल्यावर त्यांची वाचायची खोली मी तिला दिली. भाडं नावापुरतं, सकाळचा नाश्ता त्यातच. नफा नसला तरी भाडं टॅक्सच्या फॉर्ममध्ये दाखवावं लागतं, हे मी स्वतःच वाचून काढलं. शाळा सुटली तरी वाचणं सुटलं नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून जमाखर्च मांडून ठेवला. रविवारी लेक आली, कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला बसली आणि इथल्या ढंगात ओरडलीच, "पोहे? कढीपत्ता? आई, दॅट्स नॉट रेंटल एक्स्पेन्स, लाह!"

"उपाशीपोटी कुणी खोलीत राहतं का?" मी म्हटलं.

ती हसली, पण पोहे खोडले. मग घराच्या कर्जाच्या व्याजातला त्या खोलीचा वाटा, घरपट्टीतला वाटा, पंख्याची दुरुस्ती एवढंच राहिलं. तरी खर्च भाड्याच्या वरच गेला. ती म्हणाली, "भाड्याइतकाच खर्च धरतात. वरचा तोटा तुझ्या शिवणाच्या कमाईतून वजा होणार नाही. मार्केट रेट घे, नाहीतर खोली मोकळी कर." नागपूरची मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात पाणी भरत होती. तिने ऐकलं.

आज सकाळी पोह्यांची बशी तशीच समोर ठेवून ती म्हणाली, "मावशी, सेम्बावांगला एक खोली बघून आले. माझ्यापायी तुम्हाला भुर्दंड नको."

"तिथून रोज वन-नॉर्थ? एमआरटीच्या गाडीतच म्हातारी होशील."

"खरं सांगा ना, परवडते का तुम्हाला?"

"फॉर्ममध्ये भाडं किती, खर्च किती एवढंच विचारलंय. मी ते खरं लिहिलं. तुला का ठेवलं, ते कुणी विचारलेलं नाही. खा, गार होताहेत." तिने खाल्ले. राहते की जाते ते कळायच्या आत बॅग उचलून कामावर गेली.

दिवसभर मशीनवर बसले होते, शिवण दोनदा उसवावी लागली. संध्याकाळी दारात किल्ली फिरली. चपला काढता काढता तिने विचारलं, "मावशी, उद्या उपमा कराल?" मी रवा आहे का बघायला म्हणून आत गेले आणि भरलेला डबा दोनदा उघडून बघितला.

आता ती पलीकडच्या खोलीत फोनवर तिच्या आईशी बोलते आहे, आणि मी हे लिहिते आहे. तू आता नाहीस, त्यामुळे हे कुठे पाठवायचं नाही, पावत्यांच्या फाइलीत ठेवून देईन. लेकीला मी सांगितलं, परक्या देशात पोरीची सोय होते. आत्याला तूही तेव्हा असंच काहीसं सांगत असशील. पण तुला सांगायला हरकत नाही, आई. सोय माझी होते.